रक्तात असतं की वळणानं येतं? गाण्याच्या मास्तराचं जरा लांबलेलं उत्तर

ताई, आधी तुमचा प्रश्न मला कसा कळला ते सांगतो, तिथंच चुकलो तर पुढचं सगळं चुकेल. मुलगी अकरा वर्षांची. चार वर्षं शास्त्रीय गाण्याच्या क्लासला जातेय, प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा झाली, गळा चांगला आहे असं तिच्या मॅडम म्हणतात. आणि गेल्या दिवाळीपासून पेटी उघडायचं नाव नाही, दार लावून दिवसभर कोरियन गाणी. मिस्टरांचं म्हणणं, आपल्या घरात गाणं आहे, आजी गायची, रक्तातच आहे, येईल परत, तू मागे लागू नकोस. तुमचं म्हणणं, वळण लावलं तरच लागतं, आत्ता सुटलं की गेलं. तर दोघांत बरोबर कोण, सक्ती करावी का, आणि जाता जाता, मिरजेहून तिच्यासाठी तानपुरा घ्यायचा विचार आहे, घेऊ का. मधेच कंसात एक वाक्य स्वतःबद्दल लिहिलंयत, त्याच्यावर मी शेवटी येतो.

मी मिरजेत ३१ वर्षं गाणं शिकवतो. घराच्या पुढच्या खोलीत क्लास, रोज संध्याकाळी मुलं आणि रविवारी सकाळी मोठी माणसं. मैफलीचा गवई मी नाही, एकेकाळी व्हायचं होतं, ते का झालं नाही तेही ओघात येईल. पण मुलं गाण्याला कशी येतात, कशी टिकतात आणि कशी गळतात हे मात्र जवळून बघितलंय. दोघंही अर्धे अर्धे बरोबर असं म्हणून मला सुटता येईल, पण खरं सांगू का, दोघंही एकाच ठिकाणी चुकताय. तिला गाणं मिळालं कुठून यावर तुमचं भांडण चाललंय. तिला ते हवंय का, आणि हवं असलं तर कुणासाठी, हे तिला कुणी विचारलेलं मला तरी दिसलं नाही.

आधी रक्ताचं बघू. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुढं मानसशास्त्र शिकली, ती मला असलं काहीबाही पाठवत असते. स्वीडनमध्ये दहा हजारांहून जास्त जुळ्यांवर एक अभ्यास झाला, २०१४ साली छापून आला. जुळी दोन प्रकारची, एक अगदी हुबेहूब आणि दुसरी म्हणजे नुसतीच एका वेळी जन्मलेली भावंडं, या दोन प्रकारांत साम्य किती कमीजास्त आहे त्यावरून जन्माचं किती आणि बाकीचं किती याचा अंदाज बांधतात. त्यात निघालं काय, तर सुरातला-लयीतला फरक ओळखायचा कान काही अंशी जन्मानं येतो हे तर झालंच, पण रियाज किती केला जातो हेसुद्धा बऱ्यापैकी जन्माकडंच जातं. हे वाचून मी दोन दिवस गप्प होतो. कारण आम्ही मास्तर लोक आयुष्यभर काय सांगतो, गळा देवाचा पण मेहनत तुझी, आणि इथं तर मेहनतीची हौससुद्धा थोडीफार देवाचीच निघाली. वर आणखी म्हणजे हुबेहूब जुळ्यांपैकी एकानं दुसऱ्यापेक्षा हजारो तास जास्त सराव केलेला असला तरी कानाच्या परीक्षेत त्याला काही फायदा दिसला नाही. आता म्हणजे रियाज फुकट, असं कुणी समजू नये, ती परीक्षा दोन सुरांतला फरक ओळखायची होती, यमन रागाचा बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं मोठं गाणं, अर्धा तास मांडायची नव्हती, त्याला बसावंच लागतं. पण मिस्टरांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही एवढं कबूल करायला पाहिजे.

मात्र 'रक्तात आहे' म्हणणारे एक विसरतात. आजी गायची म्हणजे काय व्हायचं? सकाळी देवघरात भूपाळी व्हायची, रेडिओ लागायचा, कुणी बेसूर गायलं की आजीचं तोंड वाकडं व्हायचं, आणि पाळण्यातलं पोर हे सगळं ऐकत असायचं. त्याला रक्त नाही हो म्हणत, त्याला घर म्हणतात. बाळकडू हा आपला शब्दच बघा, तो घोट बाहेरून पाजावा लागतो.

आणि घर कधी कधी असं काही देऊन जातं की देणाऱ्यालाही पत्ता नसतो. माझ्याकडं एक मुलगी आली होती, तेरा वर्षांची, एकटीच आली, फी किती विचारायला. वडिलांची पिठाची गिरणी, घरात गाणं शून्य, वडिलांच्या मते गाणं म्हणजे रिकामटेकड्यांचं काम. पहिल्या दिवशी म्हटलं सा लाव, तर मी पेटीवर सूर द्यायच्या आधीच तिनं लावला. मी शोधला तर पेटीत सापडेना, काळी तीनच्या जरा खाली, दोन पट्ट्यांच्या मधेच कुठंतरी. दुसऱ्या दिवशी तोच, आठवड्यानं परत तोच. मला काही कळेना. मग एकदा तिच्याच गिरणीवर दळण आणायला गेलो, पट्टा फिरायला लागला आणि डोक्यात उजेड पडला, त्या गिरणीचा जो घूं आवाज होता तो हिचा सा. शाळेतून आल्यावर रोज तिथं बसायची आणि त्या घूं मधे गुणगुणायची. बापानं न कळत पोरीला तानपुरा दिला होता.

पण त्याच गिरणीवर तिचा भाऊही बसायचा बरं का. त्याला त्या आवाजात सूरबीर काही ऐकू आला नाही, पट्टा ढिला झालाय का तेवढं मात्र झोपेतसुद्धा कळायचं. आज गिरणी तोच चालवतो आणि चांगली चालवतो. ती आकाशवाणीची बी ग्रेड आर्टिस्ट झाली, एका शाळेत संगीत शिकवते. एकच घर, एकच आवाज आणि दोन पोरं दोन वेगळी माणसं झाली. यात जन्माचं किती, घराचं किती आणि तिची स्वतःची ओढ किती ते ३१ वर्षांनंतरही मला वेगळं करून दाखवता येत नाही, दळलेल्या पिठातून गहू किती नि सोयाबीन किती ते परत वेचा म्हटल्यासारखं आहे ते.

ओढ म्हटलं की आमच्या भागात सगळे एकच नाव घेतात आणि घेणारच, भीमसेन जोशी. १९३३ साल, अकरा वर्षांचं पोर, म्हणजे तुमच्या मुलीच्याच वयाचं, गदगच्या घरातून पळालं, का तर गुरू पाहिजे. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ही झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि मला असं गायचंय. ग्वाल्हेर वगैरे करत करत पार जालंधरपर्यंत गेलं, तिथून वडिलांनी शोधून परत आणलं, आणि शेवटी १९३६ ला गुरू भेटला तो आपल्याच मुलखात, कुंदगोळला, सवाई गंधर्व. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात बघा, ज्याला पाहिजे असतं तो मिळवतोच. मला हे पटत नाही. गाण्यापायी घर सोडून मिरज स्टेशनवर उतरलेली, दर्ग्यात रात्र काढलेली आणि पुढं काहीच न झालेली पोरं पण असणारच की, त्यांची चरित्रं निघत नाहीत एवढंच.

आणि याच गोष्टीतला बाप कुणी बघत नाही. पळून जायच्या आधीपासूनच हे पोर वाजतगाजत चाललेल्या मिरवणुकींच्या मागं मागं जायचं, दमून कुठंतरी झोपून जायचं आणि घरच्यांना पोलिसांपर्यंत धावावं लागायचं. असं किती वेळा झाल्यावर गुरुराज जोशी मास्तरांनी काय करावं, तर पोराच्या शर्टावर कानडीत लिहून टाकलं, जोशी मास्तरांचा मुलगा. म्हणजे जिथं सापडेल तिथून लोक आणून सोडतील. मला ही गोष्ट त्या पळून जाण्यापेक्षा जास्त आवडते. कोंडून घातलं नाही आणि वाऱ्यावर पण सोडलं नाही, जातोयस तर जा बाबा, पण पत्ता अंगावर घेऊन जा.

आता तुमच्या बाजूचं, वळणाचं उदाहरण. गायिका किशोरी आमोणकर. आई मोगूबाई कुर्डीकर, गोव्यातल्या कुर्डीच्या, ते गाव आता साळावली धरणाच्या पाण्यात गेलंय. मोगूबाईंचं आमच्या सांगलीशी नातं आहे म्हणून जरा अभिमानानं सांगतो, नाटक कंपनीतून बाहेर पडल्यावर त्या सांगलीत राहत होत्या आणि औषधोपचारासाठी सांगलीत आलेल्या जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी येता-जाता त्यांचा रियाज ऐकला आणि आपणहून शिकवायला लागले. अशा बाईची ही मुलगी. आई ओळ एकदा-दोनदा म्हणणार, मुलीनं तेवढ्यात उचलायची, परत परत सांगणं नाही. यापेक्षा पक्कं वळण कुठलं असतं? आणि तरी किशोरीताई आईसारख्या गायल्या नाहीत. जयपूरची ती बांधीव, लयीला धरून चालणारी पेचदार गायकी, त्यात त्यांनी सावकाश आलापी आणली, दुसऱ्या घराण्यांतलं जे पटलं ते घेतलं, आणि जुन्या लोकांनी नाकं मुरडली. मला तर वाटतं आईनं जे दिलं होतं ते इतकं पक्कं होतं की आईपासून लांब जातानासुद्धा तेच कामाला आलं. ज्याच्या गळ्यावर घराणंच चढलेलं नाही तो घराणं मोडणार कसलं.

पण याचंही दुसरं टोक आहे, तेही आमच्या कोल्हापूर भागातलंच. अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ. यांना बापाच्या गायकीपेक्षा ग्वाल्हेर घराण्याच्या रहिमत खाँचं गाणं भावायचं. वडिलांना ते खपेना. तर गाणंच सोडलं आणि कोल्हापूर संस्थानात जंगलखात्यात नोकरी धरली! विचार करा, ज्या घराच्या उंबऱ्यावर लोक तालीम मिळावी म्हणून नाक घासायचे त्या घरातला मुलगा जंगलं राखायला गेला. पुढं ते परत गायला लागले, नामवंत गवई मल्लिकार्जुन मन्सूरांना त्यांनीच तालीम दिली, म्हणजे गाणं काही आटलं नव्हतं, वडिलांच्या समोर ते वर येत नव्हतं.

हे मी इतक्या खात्रीनं सांगतोय कारण आमच्या घरात हेच झालं, दोनदा झालं. माझे वडील दिवसा कारकून आणि रात्री कीर्तनात पेटीच्या साथीला. मला गवई करायचं हा त्यांचा ध्यास, आणि मलाही व्हायचं होतं, निदान मला तसं वाटायचं. पंचविशीच्या आसपास एक दिवस लक्षात आलं की कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही ती गाण्याच्या ओढीनं नाही, पुढच्या रांगेत वडील बसणार आहेत म्हणून. आणि शेजारच्या दोन पोरांना अलंकार शिकवताना तास कसा जातो तेही कळत नाही. वडील गेले त्या वर्षी मी बाहेर गाणं बंद केलं आणि क्लासची पाटी लावली. त्यांच्या हयातीत माझं ते धाडस नव्हतं. सूर, लय, पेटीवरचा हात सगळं त्यांचं दिलेलं, पण त्याचं काय करायचं हे ते असेपर्यंत मला ठरवता आलं नाही, आता याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

बरं एवढं सगळं कळल्यावर मी शहाणा झालो असेन ना? छे. माझा मुलगा तबला शिकायचा. हात इतका गोड की त्याचे गुरुजी मला रस्त्यात थांबवून सांगायचे. तो आतल्या खोलीत रियाजाला बसायचा, मी बाहेर क्लास घ्यायचो आणि मधलं दार उघडं ठेवायचो. धिरधिर जरा घसरलं की बाहेरूनच हाळी, परत घे! पंधराव्या वर्षी त्यानं तबल्याला गवसणी घातली ती आजवर काढलेली नाही. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, चांगलं चाललंय. मागच्या गणपतीत जेवताना धीर करून विचारलं, तुला तबला आवडत नव्हता का रे? म्हणाला, "आवडायचा की. तुम्ही दार उघडं ठेवायचात ते नाही आवडायचं." मग त्यानं आमटी मागितली, मी वाढली.

तर सक्ती. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की बसण्याची सक्ती करता येते, आवडण्याची येत नाही, आणि आपली गडबड अशी होते की आपण पहिलीच्या नावाखाली दुसरी करत असतो. दात घास म्हटल्यावर पोरगं घासतं, दात घासताना तोंड हसरं ठेव असं काही आपण सांगत नाही. गाण्याच्या बाबतीत मात्र तिनं बसायचं, मन लावून बसायचं, आणि आपण खोलीत डोकावलो की आनंदात दिसायचं, एवढं सगळं लागतं आपल्याला. तुम्ही असं करून बघा. रोजची वीस मिनिटं ठरवा, ती कधी हे तिला ठरवू द्या. त्या वीस मिनिटांत खोलीकडं फिरकायचं नाही. काय म्हटलंस, किती म्हटलंस, आज पलटे घेतले का, काही विचारायचं नाही. तिनं वीस मिनिटं नुसती पेटी पुसली तर पुसू दे. पाहुणे आले की "आमची छकुली गाते हं, म्हणून दाखव गं" हे आजपासून कायमचं बंद. या एका वाक्यानं जेवढी मुलं गाण्यातून उठलीयत तेवढी परीक्षेत नापास होऊन उठली नसतील.

आणि याला शेवटची तारीख ठेवा. सहा महिने म्हणा. सहा महिन्यांनी ती नको म्हणाली तर का, कशाला, एवढे पैसे गेले, यातलं एक अक्षर काढायचं नाही. हे आधीच सांगून ठेवायचं आणि मग खरंच पाळायचं. पाळायची वेळ आली की बहुतेक आया ढासळतात, बापांचं विचारू नका, ते चौथ्या महिन्यातच ढासळलेले असतात. दार बाहेरून उघडं आहे हे कळल्यावर आत बसून राहणारी मुलं मी बघितलीयत, आणि कडी लावलेली दिसली की खिडकीतून उडी मारणारीही बघितलीयत.

एक आमिष मात्र दाखवू नका, ते म्हणजे दहावीचे वाढीव गुण. शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिल्या की दहावीला जादा गुण मिळतात हे तुम्हाला माहीत असेलच, माझं निम्मं पोट त्या गुणांवर भरतं, तेव्हा हे लिहिणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा, पण असो. १९७३ साली अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला, बालवाडीतल्या मुलांवरचा. ज्या पोरांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडायचं तीच निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्क्याचं, रिबिनीचं प्रमाणपत्र. काहींना आधी काही न बोलता नंतर अचानक तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच नाही. पुढं थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात पेनं नुसती समोर ठेवली, तर ज्यांच्याशी आधी कबुली झाली होती ती पोरं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांजवळ थांबली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे शाबासकी चालते, सौदा चालत नाही. मला हे वाचायची गरजच नव्हती म्हणा, दरवर्षी दहावीची परीक्षा संपली की माझ्या खोलीतल्या सतरंज्या कमी लागतात. सातवी-आठवीत ज्याचा सा ऐकून मी मनात खूश झालो होतो असा एखादा मुलगा दहावीनंतर रस्त्यात भेटतो, ओळख देतो, गाणं कसंय म्हटलं की म्हणतो "सर, मार्क लागले ना, मग सोडलं."

बरं, आता एक साधी गोष्ट जी तुमच्यापेक्षा तिच्या मॅडमनी बघायला हवी. या वयात मुलींचा आवाजही बदलायला लागतो. मुलांसारखा फुटत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आवाजात जरा हवा मिसळते, वरचा सा कालपर्यंत सहज लागत होता तो आज अडकतो, उद्या परत लागतो, परवा नाही. पोरीला वाटतं आपलं गाणं गेलं. हे ती कुणाला बोलून दाखवत नाही, तिचं तिलाच नीट कळलेलं नसतं, ती फक्त पेटी उघडत नाही. आपण म्हणतो मोबाईलनं बिघडवली. मी अशा मुलींची पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा धरायचा ती, अर्ध्या-एक सुरानं खाली घेतो, तार सप्तकाचं, म्हणजे वरच्या सुरांचं, नाव काढत नाही, काही महिने मध्य सप्तकातच खेळवतो, छोट्या बंदिशी देतो. तुमच्या मुलीचं दिवाळीपासून बिनसलंय म्हणताय, तर मला नव्वद टक्के संशय याचाच येतोय, पण ऐकल्याशिवाय सांगणार नाही.

आणि ती कोरियन गाणी. त्यांना शत्रू समजू नका. एकदा तिच्याजवळ बसून एक ऐका, शब्द एक कळायचा नाही, न कळू दे, फक्त तिला विचारा, यातला सा कुठाय गं? चार वर्षं शिकलेल्या पोरीला तो सापडणार. माझ्याकडच्या एकीला मी हेच विचारलं होतं, तर तिनं सा तर दाखवलाच, वर म्हणाली सर, इथं दोघी एका वेळी वेगवेगळे सूर गातात, ते आपल्यात का नसतं? पुढचे तीन तास आम्ही त्यावर घालवले, मला स्वतःला नीट उत्तर येत नव्हतं. कुमार गंधर्वांचं तुम्ही ऐकलं असेल, १९४७ नंतर क्षयानं देवासला अंथरुणाला खिळले, कित्येक वर्षं गाणं बंद, आणि पडल्या पडल्या कानावर काय यायचं तर माळव्यातल्या बायकांची गाणी. ज्या माणसानं दहाव्या-अकराव्या वर्षी मोठमोठ्यांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन मुंबई थक्क केली होती त्याचं स्वतःचं गाणं निघालं ते या ऐकण्यानंतर. तुमची मुलगी दाराआड काय ऐकतेय आणि त्याचं आत काय होतंय हे तुम्हाला-मला आज कळायचं कारण नाही.

आता तो कंस. "मला लहानपणी फार शिकायचं होतं, पण वडिलांनी पाठवलं नाही." ताई, तुमचा सगळा मजकूर मी दोनदा वाचला. मुलीबद्दल जिथं जिथं लिहिलंय तिथं 'टिकायला पाहिजे', 'वाया जाईल', 'पुढं पस्तावेल' असं आहे. 'शिकायचं होतं' हे सगळ्यात एकदाच आलंय आणि ते तुमच्याबद्दल आहे. राग मानू नका, पण घरात गाण्याची ओढ कुणाला आहे म्हणून मला कुणी विचारलं तर मी तुमच्याकडं बोट दाखवेन. मुलीला चार वर्षं क्लासला नेऊन सोडताना बाहेर बाकावर बसून तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त बंदिशी पाठ झाल्या असतील, हो ना? बहुतेक आयांच्या होतात. दारातून चपला घालता घालता अस्ताई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, गुणगुणणाऱ्या आया मी रोज बघतो, हटकलं की लाजतात.

म्हणून तानपुऱ्याचं असं. मिरजेचा तानपुरा घ्याच, २०२४ ला त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं, आणि सतारमेकर गल्लीत गेलात तर भोपळे टांगलेले, कुणी दांडी घासतोय, कुणी तारांखालच्या घोडीवर जवारी काढतोय, म्हणजे नाद खुलावा म्हणून ती घासतोय, बघण्यासारखं असतं. पण मुलीसाठी घेऊ नका. अकरा वर्षांच्या पोरीच्या खोलीत कोपऱ्यात उभा केलेला तानपुरा म्हणजे चोवीस तास उघडं ठेवलेलं दार. तिला मोबाईलवरचं तानपुऱ्याचं ॲप पुरे आहे, वाटलं की बंद करता येतं.

स्वतःसाठी घेणार असाल तर मी बरोबर येतो. माझ्याकडं रविवारी सकाळी सहा बायका येतात, चाळिशीनंतर सुरू केलेल्या, एक तर सदुसष्ट वर्षांच्या आहेत आणि त्यांच्यासारखा खर्ज, म्हणजे खालचा सूर, माझ्या एकाही तरुण विद्यार्थ्याचा लागत नाही. फक्त आधी पट्टी ठरवावी लागेल, जनानी घ्यायचा की मोठा ते त्यावर ठरतं, तारा पण त्याप्रमाणं. उगाच दुकानात जाऊन दिसायला छान आहे म्हणून उचलू नका, नक्षीचे पैसे वेगळे लावतात आणि नक्षी काही वाजत नाही. कुठल्याही रविवारी आठ वाजता या. मुलीला आणू नका, तिला सांगा आई गाणं शिकायला चाललीय. पेटी माझ्याकडं आहे, आल्या आल्या सा लावून दाखवा.